ब्रेकवरचा पाय

वाळूच्या गोण्या सीटांवर बसवून झाल्या, तेव्हा मेकॅनिकने बसच्या पत्र्यावर थाप मारली. "जा पाद्री! आज कुरकुर करणारा एकही उतारू नाही."

ड्रायव्हर कसनुसं हसला. पाद्री हे त्याचं डेपोतलं नाव. दर स्टॉपवर तो डोळे मिटून ओठ हलवायचा, म्हणून पडलेलं. कसला पाद्री, घाबरट माणूस होता बिचारा. मागे एकदा पुलाच्या मधोमध छाती धडधडायला लागली आणि भरलेली बस तिथेच सोडून तो खाली उतरला होता. आजची चाचणी शेवटची होती. पार पडली तर बस परत मिळणार, नाहीतर जन्मभर शेडमध्ये दुसऱ्यांच्या बस धुवायच्या.

निघताना बायको म्हणाली होती, "अहो, स्टिअरिंग प्रभूच्या हातात द्या आणि निश्चिंत राहा."

"मग मी माझे हात कुठे ठेवू?"

"चेष्टा सुचते ना? बरंय. पुलावरही सुचू दे."

पुलाआधीच्या स्टॉपवर त्याने बस उभी केली, हात जोडले, डोळे मिटले. शेजारी चाचणी घ्यायला बसलेल्या तपासनीस साहेबांनी त्याला थांबवलं नाही. रविवारी ते त्याच चर्चमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसत.

पुलाचा चढ सुरू झाला. बस सरळ चालली होती. साहेबांनी मान हलवली तेव्हा त्याला वाटलं, जमतंय. आणि नेमकी पुढची वाहनं थांबली.

समोर ट्रक. डावीकडे कठडा, खाली पाणी. तळहात घामाने निसरडे झाले. चढावर थांबलं की हँडब्रेक ओढायचा, हे तो स्वतः नव्या पोरांना दटावून शिकवायचा. आज त्याला ते आठवलंच नाही. उजवा पाय ब्रेकवर दाबून त्याने हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. प्रभू, तू आहेस ना? मी एकटा नाही ना?

रोज तो हेच विचारायचा. रोज धडधड चालूच राहायची, कंडक्टरची घंटी वाजायची आणि तो तसाच पुढे निघायचा. आज मात्र छातीवरचं ओझं कुणीतरी अलगद उचललं. जबडा सैल झाला, खांदे सैल झाले. डोळ्यांत पाणी आलं. आहे, तो आहे. कितीतरी दिवसांनी त्याचा जीव भांड्यात पडला.

"अरे, ब्रेक!"

मागे घसरत चाललेल्या बसचा हँडब्रेक साहेबांनीच ओढला. बसला हिसका बसला, मागे एक गोणी धप्पकन खाली पडली, हॉर्न वाजत राहिले.

साहेब उतरून मागे बघून आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वीतभर राहिलं होतं. छोटी गाडी आहे. बाई बसलीय, मांडीवर मूल आहे." मग म्हणाले, "पाय का काढलास?"

"काढला नाही, साहेब. सुटला."

"सुटला म्हणजे?"

"बरं वाटलं मला."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. ओरडायचं सोडून त्यांनी विचारलं,

"किती दिवसांनी?"

"आठवत नाही."

"ऊठ," साहेब हळूच म्हणाले. "बस मी नेतो."

तो मागे गेला. पडलेली गोणी उचलून त्याने तिच्या जागी नीट बसवली आणि तिच्या शेजारी बसला. वाहनं हलली, बस पुलावरून पुढे निघाली. धडधड परत आली, रोजच्या जागी, रोजच्यासारखीच.

साहेबांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "आता कर प्रार्थना. आता काही हरकत नाही."

"नको, साहेब."

डेपो येईपर्यंत त्याने डोळे टक्क उघडे ठेवले होते, आणि त्याचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता.