दुसरी नसते

ताईचा नवरा तोंड वर करून धाकटीच्या दुकानात शिरला, तेव्हा तिच्या मशीनवर एक निळी छत्री अर्धी उसवून पडली होती. पावसातली नव्हे, आभाळातून उड्या मारणाऱ्यांची. फाटलेल्या छत्र्या शिवून देणं हा तिचा धंदा, आणि सगळे तिला छत्रीवालीच म्हणत.

"काय मेहुणीबाई, ओळखलंस का?"

न ओळखायला काय झालं? याच माणसाने सातव्या महिन्यातल्या ताईला दवाखान्याच्या बाकावर बसवलं, 'गाडी लावून येतो' म्हणाला, आणि जो गेला तो गेलाच. दुसरी आधीच ठरलेली होती, हे मागाहून कळलं. ताई मात्र दवाखान्याचे दिवे मालवेपर्यंत त्या बाकावर बसून होती. त्या दिवसापासून छत्रीवालीने मनातल्या मनात त्याचा कितीदा कडेलोट केला असेल, त्याची मोजदाद नाही. आणि आज तो आपल्या पायांनी चालत आला होता, कड्यावरून उडी कुणाकडे शिकावी हे विचारायला.

"विमानातून मारल्यात चाळीसेक," स्टूल ओढून घेत तो म्हणाला. "आता कड्यावरून मारायची. हिच्या वाढदिवसाला व्हिडिओ दाखवायचाय. शिकवणारे दोघं आहेत. तो म्हातारा मास्तर म्हणतो, आधी विमानातून दोनशे पुऱ्या करा, मग माझ्यासमोर बसून छत्रीची घडी घालायला शिका, मग पुलावरून, तेही खाली पाणी असेल तिथे. दुसरा तीन दिवसांत थेट कड्यावर नेतो. दोघांचंही काम तुझ्याकडेच येतं म्हणे. कुणाकडे जाऊ?"

'हिच्या' हा शब्द तिने नीट ऐकला.

तीन दिवसवाल्याचं कामही तिला नीट माहीत होतं. त्याच्या शिष्यांच्या छत्र्या खडकाला घासून चिंध्या होऊन यायच्या. एकदा तर छत्री घेऊन उडी मारणारा आलाच नाही, त्याचा भाऊ आला. "शिवू नका," म्हणाला, "डाग निघतात का तेवढं बघा." ते तिच्याकडून निघाले नव्हते.

म्हणजे आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'तीन दिवसवाल्याकडे जा.' काटा परस्पर निघाला असता आणि तिच्याकडे कुणी बोटही दाखवलं नसतं. शब्द जिभेवर आले होते. त्यांची चव गोड होती, हे ती स्वतःपासूनही लपवत नव्हती.

त्याने टेबलावरची एक पाठपिशवी उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"यात दुसरी कुठेय?"

"कोण दुसरी?"

"छत्री गं! विमानातून मारताना पाठीवर दोन असतात. एक नाही उघडली, तर दुसरी."

"या उडीत दुसरी नसते," ती म्हणाली. "दुसरी उघडायची म्हटली तर तोवर जमीन येते. आहे त्या एकीवरच निभवायचं. तुम्हाला जड जाईल, भावोजी."

तो उसनं हसला. "अजून राग आहे म्हणायचा."

राग होताच. तो जावा असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

"ते राहू दे. तीन दिवसांत जमेल ना, तेवढं सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं. अंगाने सुटला होता. बूट नवे होते. आल्यापासून ताईबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. त्या वेळी जे पोटात होतं, त्याचं पुढे काय झालं, हेही विचारलं नव्हतं. आणि हा माणूस चार सेकंदांत मरणार? मग लोक जमणार, धाडसी होता हो, उमदा होता म्हणणार, आणि याचं सगळं माफ होणार! इतक्या स्वस्तात?

"म्हाताऱ्याकडे जा," ती म्हणाली. "त्या दुसऱ्याकडे गेलास तर मरशील."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी एकेरीवर आली होती. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. त्याचा चेहरा उजळला.

"बघ, माझ्या जिवाची काळजी आहे तुला!"

"आहे ना. म्हातारा तुला रडवेल. चुकलास की चारचौघांत तुझी सालटी काढेल. पण जिवंत ठेवेल, आणि तू आम्हाला जिवंतच हवायस. तिला तुझ्यासमोर उभं राहून एक विचारायचंय. आज ती लहान आहे, तिला नीट मांडता येत नाही. मांडता येईपर्यंत तू मरायचं नाहीस."

पाठपिशवी त्याच्या हातातच राहिली.

"ती?" तो म्हणाला. "मुलगी आहे?"

तिने निळं कापड सुईखाली सरकवलं.

"कुणावर गेलीय?" त्याचा आवाज खाली आला होता. "नाव काय ठेवलंय तिचं?"

छत्रीवालीने मशीन सुरू केलं. त्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून. तिला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. तिने शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला आणि पुढचा पट्टा ओढून घेतला.