रेडिएटरातल्या काड्या

खंबाटकीचा घाट निम्मा चढून झाला आणि गाडीचा काटा लालवर जाऊन टेकला. बॉनेटखालून वाफ फुसफुसायला लागली. आकारामआबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर थोपटत म्हणाले, "तहान लागलीया तिला."

"तिला तहान आणि मला घोर," शेजारी बसलेली राजनंदिनी म्हणाली. "आबा, आत्याच पोचली न्हाई तर पोरीच्या कानात नाव कोण सांगणार?"

शिरवळला विश्वजितच्या, म्हणजे तिच्या भावाच्या मुलीचं आज बारसं होतं. एस.टी.नं जाऊ म्हणून तिनं तासगावातच सांगून पाहिलं होतं. पण आबा म्हणजे फौजेतले ड्रायव्हर. दारात गाडी असताना ते एस.टी.त बसतील होय? विश्वजितनं फोनवर बजावलं होतं, "ताई, वाटंत आबांना समजाव. त्या गाडीपायी एखाद्या दिवशी रस्त्यात अडकतील. मोडीत घालू या." ती सांगलीहून माहेरी आली होती तीच हा विडा उचलून. आता गाडीनंच तिचं काम सोपं केलं होतं.

इंजिन निवल्यावर बाटलीतलं पाणी ओतून त्यांनी कशीबशी घाटाची चढण संपवली, बोगद्यातून बाहेर पडून उतारानं शिरवळच्या अलीकडचं खंडाळा गाठलं आणि दिसलं त्या पहिल्या गॅरेजात गाडी घातली.

सरफराज मिस्त्रीनं आधी ऑइलची पट्टी काढून बघितली. मग रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू करायला लावलं आणि आत डोकावून बसला. बुडबुडे येत नव्हते.

"गॅसकेट शाबूत हाय, काका, इंजिन वाचलं. देवाची कृपा."

आबांनी लेकीकडं विजयानं बघितलं. तिनं मान वळवली.

सरफराजनं बॅटरी घेऊन समोरच्या जाळीत उजेड टाकला. मग तारेचा आकडा आत घालून खरवडलं, तशी वाळल्या काड्यांची मूठभर गुंडाळी बाहेर आली. मागोमाग धुळीचे पापुद्रे. त्यातली एक काडी त्यानं बोटांत धरून नाकाशी नेली.

"बेदाण्याच्या काड्या? काका, गाडी रस्त्यानं चालवताय का शेडमधनं?"

आबा वाकून टायरची हवा बघायला लागले. सरफराज गाडीत बसला, क्लच दाबून सोडून बघितला आणि कपाळावर हात मारत उतरला. "क्लच प्लेट पार जळालीया. अर्ध्या क्लचवर गाडी चालवतंय कोण?"

आता मात्र राजनंदिनीला राहवलं नाही. "आवं, आबांनी लडाखात ट्रक चालवलेत. ते कशाला अर्ध्या क्लचवर चालवतील?"

"मग दुसरं कोणीतरी चालवतंय, ताई. नवशिकं."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. तोफेच्या आवाजाला न डगमगलेला माणूस चोरी पकडल्यासारखा जमिनीकडं बघत होता.

"पोरी शिकत्यात," ते म्हणाले.

"कुठल्या पोरी?"

"गावातल्या. शिवांजली शिकली. तिची जाऊ शिकली. आता हाफिजची शिफा येतीया. बेदाण्याच्या शेडमागं रान मोकळं हाय, तितं फिरवतो संध्याकाळचं. पहिल्या गियरमधी इंजिन तापतंय, काड्या उडत्यात, पर शिकणाऱ्याला काय म्हणायचं? आन् क्लच म्हणशील तर, त्यो सगळ्यांचाच जळतोय."

राजनंदिनी बघतच राहिली. "मला कदी बोलला न्हाईत."

"काय बोलायचं? तुझं शिकायचं वय हुतं तवा मी फौजेत हुतो, घरी नव्हतो."

सरफराजनं उगाचच पान्हा पुसला.

"आता सांगतो," तो म्हणाला. "जाळी धुऊन देतो, पाण्याचा पाइप फुगलाय तो बदलतो. आज शिरवळ गाठाल. पण रेडिएटर कुजलाय, क्लच तर दिसतोयच. ते सगळं करायचं म्हणजे ह्या वयाच्या गाडीला... मी मिस्त्री असून सांगतो, विचार करा."

आबांनी गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला. "विश्वजित बी हेच म्हणतोय. खरं हाय त्याचं. आजच्यापुरती कर बाबा. तितनं पुढं तिला—"

"परत येताना करायची," राजनंदिनी म्हणाली. आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. "रेडिएटर, क्लच, सगळं. मिस्त्री, सामान आणून ठेवा. उद्या येतो आमी."

"नंदे, तू तर सकाळपासनं..."

"सकाळचं सकाळी गेलं, आबा. बसा गाडीत."

शिरवळला पोचले तेव्हा पाळणा सजून तयार होता आणि बायका दाराकडं डोळे लावून बसल्या होत्या. राजनंदिनीनं तोंडावर पाणी मारलं, हात पुसले आणि थेट पाळण्याशी जाऊन वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं "कुर्रर्र" केलं, नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. हसता हसता तिला खोकला आला.

गर्दीतून विश्वजित तिच्याजवळ सरकला. आबा पलीकडं व्याह्यांना घाटातली गंमत सांगत होते. विश्वजित हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, बोललीस का? काय ठरलं गाडीचं?"

"ठरलं की," पाठ चोळत राजनंदिनी म्हणाली. "शिफाचं झालं की माझा नंबर."