तीन माणसांची बोट

"ही आमची नाही," क्रांती म्हणाली. "आबांनी बारकी सांगितली असणार."

बाळासोने खोक्याचा उरलेला पुठ्ठा फाडून बाजूला टाकला. शाहूपुरीतल्या त्याच्या दुकानात विहिरीवरच्या पंपांची रांग होती. त्या रांगेच्या टोकाला, लाकडी घोडीवर टांगलेली बोटीची काळी मोटर वाट चुकून आल्यासारखी दिसत होती. आपण ती एका हाताने उचलून नेऊ, असं क्रांतीला वाटलं होतं. हिला दोन गडी लागले असते.

"चूक न्हाय. आबा सवता येऊन ठरवून गेल्यात. कोल्हापुरात असली मोटर कोण मागतंय? मुंबईस्नं मागवाय लागली." बाळासोने हात पुसले. आवाज जरा उतरवला. "आबा गेल्याचं कळलं. लई वाईट झालं. तुमी उदयसिंहांच्या मंडळी न्हवं?"

क्रांतीने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे बाळासोला कळलं नाही. त्याने होकार धरला.

उदयसिंह तिचा भाऊ; आबा दोघांचे वडील. उदयसिंह कॅनडात असतो. दर दिवाळीला येणार असतो. आबांना अग्नी क्रांतीनेच दिला. शेजारी चुलतभाऊ फोन धरून उभा होता, उदयला दिसावं म्हणून.

ही मोटर जिला लावायची ती हवा भरायची रबरी बोटही तिनेच घेतली होती, आबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले त्या वर्षी. रविवारी दोघं धरणामागे साचलेल्या पाण्यावर, फुगवट्यावर जात. पायपंपाने हवा ती भरायची. वल्ही ती मारायची. आबा मागच्या फळीला टेकून गळ टाकून बसायचे. घरात त्यांचं बोलणं म्हणजे 'वाढ' आणि 'बास'. बोटीत मात्र ते बोलत. उदयचं लहानपण, उदयचे मार्क, उदय पंचगंगेत पोहायला कसा शिकला. ऐकायला दुसरं कुणी नसायचं, म्हणून ते आपल्याशी बोलतायत असं तिला वाटायचं.

गेल्या थंडीत तिचा उजवा खांदा धरला. परत येताना तिने वल्हं सोडलं आणि खांदा दाबत बसली. आबा पाण्याकडे बघत म्हणाले, "मोटर बघाय पायजे." पुढे काही नाही. तिनेही विचारलं नाही. ते वाक्य तेवढं जपून ठेवलं.

आबांच्या तेराव्यानंतर बाळासोचा फोन आला, मोटर आलीय म्हणून. ती कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभीच होती. आबांनी आपल्या खांद्यासाठी मागवलेली वस्तू. नको कसं म्हणायचं? मग मोटरींविषयी मिळेल ते तिने वाचून काढलं. हवेच्या बोटीला मोटर घ्यायची तर ताकद किती, हे आधी बघायचं नसतं. आधी बघायचं, बोटीत बसणार कोण. आबा काटकुळे, आणि ती त्यांच्याहूनही हलकी. दोघांना बारकीच मोटर बरोबर होती.

"आबा गेले म्हणून मोठी आमच्या गळ्यात मारताय," ती म्हणाली.

"अवो ताई, असलं पाप कुठं फेडू?" बाळासोचा आवाज चढला. पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघू लागलं. "मीच त्यास्नी नगं म्हणत हुतो. हलक्या माणसांच्या बोटीला ही लावली की बूड पाण्यात बसतंय नि तोंड आभाळाला जातंय. उलटती बोट. ही सरळ चालवायची तर फुडं चांगला नव्वद किलोचा गडी बसाय पायजे."

"आमच्यात असा कोण आहे?"

"आता हे तुमी मला इचारा!" बाळासो हसला. "तुमचं मालक की! आबा म्हणलं, लेक दिवाळीला येणार हाय, फुडं त्योच बसणार. पैलवानी अंगाचा हाय. बारक्या मोटरीनं त्याला रखडत न्हेला तर माजी काय शोभा ऱ्हाईल, म्हणलं. लई खुशीत हुतं बगा."

क्रांतीने लाकडी घोडीला हात टेकला. खांद्यातून कळ गेली. तिने हात काढला नाही.

घरी माळ्यावर बोट घडी करून ठेवली होती. तिच्या मागच्या फळीवर बोटीत किती माणसं बसायची ते सांगणारी एक पट्टी आहे. फुगवट्यावरून आलं की चिखल पुसायचं काम क्रांतीचं, त्यामुळे ती पट्टी तिला पाठ होती. पट्टीवर माणसांची चित्रं आहेत. एकापुढे एक, तीन. मागे आबा. पुढे उदय. मधली जागा उरतेच की.

"आणि तिघं बसली तर?" तिने विचारलं. "मधे एक हलकं माणूस. तरी ओढेल ना ही?"

"आरामात वडंल. मी बी आबास्नी त्येच इचारलं." बाळासो मोटरीला चिकटलेले थर्माकोलचे कण फडक्याने झटकत होता. "म्हटलं, बोट तिघांची हाय, तर वजन तिघांचं धरू का? आबा माज्या तोंडाकडं बगतच ऱ्हायलं. म्हणलं, 'तिसरं कोण?'"