लिफ्टमनचा जिना

वीस वर्षं लिफ्टमन डबा खाल्ला की लिफ्टमधल्या स्टुलावरच डुलकी काढायचा. परवा बायकोने जेवणानंतर दोन तासांनी त्याची साखर मोजली, तर दोनशे ऐंशी! ती म्हणाली, "डबा मी बदलते, बूड तुम्ही हलवा." लिफ्टमनच्या आधी या स्टुलावर त्याचा थोरला भाऊ बसायचा. साखरेकडे भावाने काणाडोळा केला आणि शेवटी त्याचा पाय कापावा लागला. आज शेवटचा घास गिळताच लिफ्टमनने स्टूल उलटं करून ठेवलं आणि जिन्याची वाट धरली. दुसऱ्या मजल्यावर दम लागला, तिसऱ्यावर गुडघे कुरकुरले. "गप्प बसा रे," असं त्यांना दटावून तो चढत राहिला. चौथ्यावर मोठे साहेब समोर आले. त्याला घामाघूम पाहून ते चमकले. "काय हो, लिफ्ट बिघडली का?" "लिफ्ट ठणठणीत आहे, साहेब," कठडा घट्ट धरून तो म्हणाला, "दुरुस्ती माझी चाललीय."