त्याच्या बाजूनं

आरोपीच्या सदऱ्याची बाही उसवली होती आणि कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून बाई ती टाचून देत होत्या.

"असा जाणार होतास न्यायाधीशांपुढे? हलू नकोस, टोचेल."

पोरगा मान वर करेना. त्याला तुरुंगातून घेऊन आलेला पोलीस शेजारी जांभया देत होता.

दारातल्या शिपायाला गलबलून आलं. कोर्टाच्या दारात केस पिकलेले त्याचे; कोण कुणाचं कोण, हे आपण चेहऱ्यावरून ओळखतो, असं तो चारचौघांत सांगायचा. शिवणाच्या दुकानाचं कुलूप फोडून मशीन पळवल्याचा आरोप. आईपुढे मान वर होईलच कशी?

"मावशी, नेमून दिलेला वकील आज आलाच नाही," तो हळूच म्हणाला. "वकिलाशिवाय चालेल का विचारलं, तर हा 'चालेल' म्हणून मोकळा! जेवणाच्या सुट्टीनंतर पक्कं सांग म्हणाले साहेब."

बाईंनी दातानं दोरा तोडला. "वकील लोक जेवतात कुठे?"

शिपाई त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेला. तिथं दोघा वकिलांनी हात झटकले. तिसरा तरुण होता, जेवता जेवता ऐकत होता.

"घेतो मी. पण सुटेलच असं नाही हं, मावशी."

"सोडवा कुठे म्हणतेय? चोरी त्यानंच केलीय."

वकिलाचा घास हातातच राहिला. शिपायाला ठसका लागला. असली आई त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"मग मी करू काय?"

"त्याच्या बाजूनं बोला. तेवढा हक्क आहे ना त्याचा? त्याच्या वतीनं कुणी चकार शब्द काढला नाही आणि शिक्षा झाली, तर ती मला खरी कशी वाटायची?"

वकील ताट सारून उठला.

सुट्टीनंतर त्यानं कागद वाचायला तासभर वेळ मागितला, मिळाला. कोपऱ्यात बसून तो पोराशी बोलू लागला, तेव्हा कुठे पोरानं मान वर केली. शिपायाचा जीव भांड्यात पडला. तो बाईंसाठी पाणी घेऊन आला.

"भाग्यवान पोरगं, मावशी."

"वकील खमका दिसतोय," बाई खुशीत म्हणाल्या आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

आतून खूण झाली. शिपायानं दारात उभं राहून ठेवणीतला आवाज लावला, "फिर्यादी, शिवणाच्या दुकानाची मालकीण, हजर आहे का?"

"आहे की," असं म्हणत बाईंनी रिकामा पेला त्याच्या हातात दिला आणि त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे निघाल्या.