नवा नंबर

सासूबाईंना दाराशी ताटकळावं लागू नये म्हणून आरतीनंच अमरावतीच्या फ्लॅटला हौसेनं नंबरचं कुलूप बसवून घेतलं होतं. मग त्या वलगावहून दर दोन दिवसांनी मळ्यातली भाजी घेऊन यायच्या आणि आल्या आल्या तिचे डबे आपल्या पद्धतीनं लावायच्या. शेवटी काल तिनं कुणाला न सांगता नंबर बदलला.

आज सासूबाईंनी जुनाच नंबर दाबला आणि कुलूप तीनदा ओरडलं. आरती आत श्वास रोखून उभी. समोरच्या शेजारणीनं दार उघडलं.

“का झालं, काकू? सुनबाईनं नंबर नाई सांगतला का?”

“सांगतला नं वं! नवा नंबर फोनवर दोनदा सांगतला तिनं. मीच इसरली.”

मेथीची पिशवी हँडलला अडकवून सासूबाई जिना उतरू लागल्या.

आतून दार उघडायला नंबर लागत नव्हता. पण आरतीनं ते आता उघडायचं कोणत्या तोंडानं?