वडाखाली सुचलेली कविता

निसर्गाला पाठ टेकल्याशिवाय अस्सल कविता सुचत नाही, असं निवृत्त प्राध्यापक उकिडव्यांचं ठाम मत होतं. दिवाळी अंकासाठी वडावरची कविता पाच वाजेपर्यंत द्यायची होती, म्हणून ते सकाळीच बागेतल्या वडाला टेकून डोळे मिटून बसले. आज वटपौर्णिमा आहे, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी खोडाभोवती गुंडाळलेल्या दोऱ्यात तेही हातापायांसकट गुंडाळले गेले होते.

"काका, उठा म्हटलं तर तुम्हीच 'शू!' केलंत," शेजारच्या पाटणकरबाई म्हणाल्या.

"अहो, कविता सुचलीय! सोडवा, लिहायचीय."

"दोरा तोडू? आमच्या ह्यांना आधीच बीपी आहे."

तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन उकिडव्यांची बायको आली. तिने आधी खोडाला, मग नवऱ्याला हळदकुंकू लावलं. "तुमच्याच आयुष्यासाठी चाललंय हे. गप्प बसा. काय सुचलंय ते सांगा, मी पाठवते." तिने कविता मोबाइलवर टिपली आणि संपादकांना फोटोसकट धाडली.

लगेच संपादकांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर घेतला. "कविता झकास आहे, वहिनी. पण सरांच्या मागचं झाड वड नाही, वडासारखी दिसणारी नांदुरकी आहे. तेवढा शब्द बदलून द्या."

बायकांनी भराभर दोरे तोडले आणि ताटं उचलून त्या खऱ्या वडाच्या शोधात निघाल्या. उकिडवे मोकळे झाले. त्यांनी पाच वाजेपर्यंत खूप खटपट केली, पण नांदुरकी वृत्तात बसेना.